एकेचाळीस जागा

१

माझं लग्न ठरलं ते दोन हजार एकोणीसच्या वैशाखातलं, आणि तेव्हा माझी मुलगी रूपी तिसरीत होती. हे ऐकून कॉलेजातल्या मॅडम लोकांच्या भुवया वर जातात, म्हणून आधीच सांगून मोकळी होते. आमच्या पाड्यावर बाई घरात येते, संसार करते, पोरंबाळं होतात, आणि लग्नाचा विधी जमेल तेव्हा करतात. कुणाचा दोन वर्षांनी, कुणाचा वीस. त्यात लाजायचं काही नाही. पण विधी झाल्याशिवाय बाईला दुसऱ्याच्या लग्नात चौक लिहिता येत नाही. गेरूने सारवलेल्या भिंतीवर बाकीच्या बाया तांदळाच्या पिठाने चौक लिहीत बसायच्या आणि मी अकरा वर्षं त्यांच्या वाटीत पाणी घालत उभी. आणि बाई तशीच मेली, तर उचलायच्या आधी तिला हळद लावून विधी उरकतात. मला माझी हळद जिवंतपणी हवी होती. बस, एवढंच माझं मागणं होतं.

मी संगिता. तलासरीच्या पुढे आमचा पाडा, आणि नोकरी डहाणू रोडला, एका कॉलेजच्या लायब्ररीत कॉम्प्युटरवर. जीप, मग एसटी, मग चालत. एका संस्थेने लायब्ररीला दोन ई-रीडर दिले होते, पाटीसारखे, नुसती पुस्तकं वाचायचे. पोरांनी चार दिवस हाताळले आणि मोबाईलकडे परत गेली. त्यातला एक मी सही करून घरी आणला. माझा लॅपटॉप दोन हजार पंधराचा, तोही कुणीतरी वापरून झालेला. त्यावर एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे. कुठलीही फाईल टाका, ते रीडरवर चालेल असं पुस्तक करून देतं. नाव, लेखक, विषय, सगळे रकाने भरता येतात, मुखपृष्ठ लावता येतं. रविवारी दुपारी ही पुस्तकं लावत बसायचं हा माझा छंद. भांडी घासून फळीवर पालथी मांडली की जसं बरं वाटतं, तसं मला ती यादी बघून वाटायचं.

लग्नाचं पुस्तक करायची कल्पना माझ्या सासूची, पुतळीची. आमच्याकडे लग्न लावते ती धवलेरी, गाणारी बाई. ती गाते तेव्हा लग्न लागतं, नाही गायली तर नाही. आमच्या पाड्याची धवलेरी भिकीबाय. वय ऐंशीच्या पुढे, आणि वर्षभरात तिची विसरभूल फारच वाढलेली. एक कडवं गाऊन झालं की तेच पुन्हा. पुतळी म्हणाली, तुझ्या त्या पाटीत गाणी उतरून घे, जिवली तिच्या कानाशी ओळ वाचेल, भिकी उचलेल. जिवली म्हणजे आमची शेजारीण, सातवीपर्यंत शिकलेली, भिकीबायच्या मागे गाते. या घरात आले त्या दिवसापासूनची माझी मैत्रीण. कागद मांडवात उडतो, मोबाईल उन्हात दिसत नाही. रीडर मात्र उन्हात छान दिसतो आणि त्याचं चार्जिंग आठवडा टिकतं. मला पटलं. खरं सांगायचं तर सासूला माझ्या कामाचं काहीतरी सुचलं, याचाच मला आनंद झाला होता.

तीन महिने दर रविवारी मी भिकीबायची गाणी रेकॉर्ड केली आणि टाइप केली. या गाण्यांत नवरा-नवरीचं नाव सारखं येतं. नवरीचं मोजून एकेचाळीस जागी. तिथे मी नाव न घालता नुसती खूण केली, कॉलेजात दाखल्यांना करतो तशी. पुस्तक बनवताना सॉफ्टवेअरला सांगायचं, ही खूण दिसेल तिथे अमुक नाव घाल. म्हणजे एकदा टाइप केलं की पाड्यावरच्या कुठल्याही जोडप्याला चालेल. ही युक्ती मी जिवलीला दोनदा सांगितली, एवढी मी खूश होते.

मार्चमधल्या एका रविवारी मी ती फाईल सॉफ्टवेअरमध्ये टाकली. नाव 'लग्नाची गाणी', लेखिका भिकीबाय. पडद्यावर चौकट आली. हे पुस्तक तुमच्या यादीत आधीच आहे. तरीही टाकायचं का?

२

मला वाटलं बटण दोनदा दाबलं गेलं. 'नाही' म्हटलं आणि यादी पाहिली. तसं पुस्तक नव्हतं. परत टाकलं, परत तीच चौकट. मग वैतागून 'हो' म्हटलं, तर यादीत दोन ओळी आल्या. दोन्हीकडे तेच नाव, तीच भिकीबाय. एकीपुढे आजची तारीख. दुसरीपुढे होती चौदा मे दोन हजार सहा.

दोन हजार सहा साली मी आश्रमशाळेत दहावीला होते. त्या साली या पाड्यावर वीजसुद्धा नव्हती.

मी काही घाबरट बाई नाही. लॅपटॉपमधला छोटा सेल गेला की तारखेचा बट्ट्याबोळ होतो, हे मी लायब्ररीत दहा वेळा पाहिलंय. घड्याळ तपासलं, तर ते बरोबर होतं. असेल काहीतरी, म्हणून ते जुनं पुस्तक उघडलं.

गाणी माझीच होती. बाराव्या पानावर 'हळद' लिहिताना माझ्याकडून 'द' दोनदा पडला होता आणि मी तो दुरुस्त करायचा विसरले होते. या पुस्तकातही बाराव्या पानावर 'द' दोनदा होता. फक्त खुणेच्या जागी नावं भरलेली होती.

*कुणाची गं पावलं उंबऱ्याशी आली,*
*सुरजची नवरी चंद्रिका आली.*

एकेचाळीस जागा मोजल्या. सगळीकडे चंद्रिका.

सुरज म्हणजे माझा नवरा. डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात आहे, रंगाच्या खात्यात. त्याची नखं कधी लाल, कधी निळी, त्यावरून आज कुठला माल होता ते कळतं. त्या दिवशी तो बाहेर पत्र्याला खिळे मारत होता. मी दारातून सहज विचारलं, चंद्रिका कोण रे? हातोडी थांबली नाही. तो म्हणाला, असेल कोणी, पाड्यावर काय कमी नावं आहेत. मग त्याने आणखी तीन खिळे मारले, आणि ते तीनही वाकडे गेले. मी म्हटलं, माणसाचं लक्ष नसेल. तेव्हा मी त्याच्यासाठी कारणं शोधून देत होते.

३

जुनी ओळ पुसून टाकली. नव्या फाईलमध्ये नवऱ्याच्या खुणेला सुरज आणि नवरीच्या खुणेला संगिता असं सांगून पुस्तक बनवलं. शेवटी अहवाल आला, एकेचाळीस ठिकाणी बदल केला. रीडर वायरने जोडला, पुस्तक पाठवलं, वायर काढली, उघडलं.

सुरजची नवरी चंद्रिका आली.

घरात कुणी नव्हतं. पुतळी तलासरीच्या बाजारात, सुरज बाहेर गेलेला, रूपी चिंचेखाली खेळत होती. मी परत बनवलं, तरी चंद्रिकाच. लॅपटॉपमधल्या फाईलमध्ये तिचं नाव कुठेच नव्हतं, शोधून पाहिलं, शून्य. मग मी लायब्ररीत करते तसं एकेक गोष्ट बदलून बघायला लागले. नवरा लहान्या, नवरी शुक्री अशी मनाला येतील ती नावं घातली, पुस्तक बरोबर आलं. नवरा बारक्या, नवरी संगिता घातलं. तेही बरोबर. मेलं माझं नाव बारक्याबरोबर चालत होतं. मग नवरा सुरज घातला आणि नवरीची जागा मुद्दाम रिकामी ठेवली. ती एकेचाळीस ठिकाणी भरून आली.

म्हणजे सुरजचं नाव आलं की ती येत होती.

माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? की कारखान्यात कुणीतरी चंद्रिका आहे आणि सुरजने माझ्या लॅपटॉपमध्ये काहीतरी करून ठेवलंय. मग माझं मलाच हसू आलं. त्याला स्वतःच्या मोबाईलचा आवाज कमी करता येत नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीतून थप् असा आवाज आला. मग पुन्हा थप्, आणि लांब फिरवल्यासारखा सर्र. शेणाच्या हाताने भिंत सारवतात तसा. आमच्या भागात नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के चालू होते. जमिनीतून ढुम्म व्हायचं, भांडी वाजायची, लोक महिनोन्‌महिने अंगणात झोपले होते. मी म्हटलं, भिंतीची माती पडतेय. धक्क्याने पडते. पण ढुम्म झालंच नव्हतं.

मी आत जाऊन पाहिलं नाही. लॅपटॉप मिटला आणि चिंचेखाली रूपीजवळ जाऊन बसले.

४

त्या आतल्या खोलीबद्दल सांगायला हवं. पुढची खोली आम्ही सिमेंटची केली, पण आतली जुनीच, कुडाच्या भिंतींची. लग्नाचा चौक तिथेच लिहायचा होता, उगवतीच्या भिंतीवर. धक्क्यांनी त्या भिंतीला भेग पडून सारवणाचे पोपडे सुटले होते. एप्रिलमध्ये मी ते खरवडायला घेतले. पोपडा निघाला की खाली जुना गेरू, आणि गेरूवर पांढऱ्या रेघा. आधी त्रिकोणांची एक ओळ दिसली. मग कोपरा. मग दुसरा कोपरा. तो चौक होता, पण पुरता नव्हे. तीन बाजू लिहिलेल्या आणि चौथीवर पीठ घाईने फासल्यासारखं.

पुतळीला विचारलं. ती म्हणाली, आमच्या लग्नाचा आहे. मी म्हटलं, आये, तुमचं लग्न तर जुन्या घरात झालं, ओढ्यापलीकडे, तुम्हीच सांगता. त्यावर ती म्हणाली की म्हाताऱ्या माणसाचं काय लक्षात राहतं. भिकीबायची विसरभूल एकदम हिला लागली असं मला वाटलं. पण मी गप्प बसले. लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. अकरा वर्षं कारणं ऐकली होती, यंदा भात गेलं, यंदा काका वारला, यंदा पत्रे घालायचेत. आता मला कुठलंच कारण निघायला नको होतं. हो, मी स्वतःच डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं, ते नाकारत नाही.

भिंत सारवायची होती. शनिवारी मी सुट्टी घेतली, शेण कालवलं, गेरू भिजत घातला. घरात एकटीच होते. दुपारी दोनचा सुमार, बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं. पाणी आणायला हापशीवर गेले, फार तर दहा मिनिटं. परत आले तर भिंत सारवलेली होती.

सगळी नाही. खालपासून माझ्या खांद्यापर्यंत. हाताचे अर्धगोल एकावर एक, नीट, सवयीचे. मी उंच बाई आहे, मी सारवलं की माझे अर्धगोल आढ्याजवळ पोचतात. हे हात माझ्याहून बुटक्या माणसाचे होते. वरचा भाग कोरडाच राहिला होता. ओल्या भिंतीतून पाणी ओघळत होतं, आणि जमिनीवर, भिंतीच्या पायाशी, कुणीतरी बसलं की माती जशी दबते तशी जागा.

माझ्या टोपलीतलं शेण मी ठेवलं तेवढंच होतं.

मी हाक मारली, आये. मग जिवलीला हाक मारली. मला माहीत होतं की दोघी नाहीत, पण हाक मारल्याशिवाय राहवेना. मग मी काय केलं, तर वरची राहिलेली भिंत सारवली. दुसरं काय करणार होते? सारवताना सगळा वेळ वाटत होतं, खाली कुणीतरी बसलंय आणि आपल्याकडून शेणाचे थेंब त्याच्यावर पडताहेत.

५

सोमवारी संध्याकाळी, ऊन असतानाच, जिवली आणि मी भिकीबायकडे गेलो, रीडरवरून एकदा गाऊन बघायला. ती ओट्यावर पाय पसरून बसली होती. मला पाहून म्हणाली, कुणाची गं तू? दर रविवारी तीन महिने तिच्यासमोर बसले होते. मी सांगितलं, सुरजच्या घरातली. ती हसली, बोळक्या तोंडाने, छान हसली.

जिवलीने वाचायला घेतलं. ती ओळ वाचायची आणि म्हातारीचा गळा कुठून कुठे जायचा. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा. दोन कडवी झाली. तिसऱ्याला नवरीचं नाव येतं. जिवली वाचता वाचता गप्प झाली.

मी मुद्दामच तिला आधी काही सांगितलं नव्हतं. पुस्तकात चंद्रिका होतं, आणि जिवलीचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं. तिने रीडर मांडीवर पालथा ठेवला. मी म्हटलं, वाच. ती म्हणाली, हे कुणी घातलं. मी म्हटलं, तूच सांग.

तिने सांगितलं. एकदाही माझ्याकडे न बघता सांगितलं.

माझ्या आधी सुरजच्या घरात चंद्रिका होती, बुटकी, कामसू, हसरी. तीन वर्षं होती. दोन हजार सहाच्या वैशाखात त्यांचं लग्न ठरलं होतं. लग्नाच्या आठवड्यात ती आतल्या खोलीत चौकाची भिंत सारवत होती, दुपारची, एकटी. सारवता सारवता खाली बसली ती उठलीच नाही. काय झालं कुणालाच कळलं नाही. उचलायच्या आधी विधी करायचा म्हणून बायांनी घाईघाईने चौक लिहिला, तिला हळद लावली, सुरज शेजारी बसला आणि भिकीबाय गायली. ती तारीख जिवलीला पाठ नव्हती. मला होती.

मग भिकीबायने हात धुतले आणि सांगितलं, सुरजची नवरी गाऊन झाली, आता त्याच्या नावाला मी दुसरी गाणार नाही. पुतळीने पाया पडून पाहिलं. बाहेरची धवलेरी आणावी तर तिला कारण सांगायला लागलं असतं, आणि कारण ऐकून तीही गायली नसती. दोन वर्षांनी मी घरात आले. पाड्याने ठरवलं की मला सांगायचं नाही. लग्न पुढे ढकलत राहायचं.

"कुठपर्यंत?" मी विचारलं.

"भिकीबाय विसरेपर्यंत," जिवली म्हणाली.

हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला आधी कळलंच नाही. मग एकेक करून सगळं कळलं. अकरा वर्षं ते भाताची वाट बघत नव्हते. एका म्हातारीचं डोकं रिकामं व्हायची वाट बघत होते. आणि ते पुरतं रिकामं झालं तेव्हा त्यात काय भरायचं ते लिहून द्यायला त्यांनी मलाच बसवलं, माझ्याच रीडरवर, माझ्याच रविवारी. मी मात्र सासूला माझं कौतुक वाटलं म्हणून खूश. पुस्तकाने तेवढं खोटं बोलायला नकार दिला होता, आणि मी महिनाभर त्यालाच दुरुस्त करत होते.

भिकीबाय मध्येच म्हणाली, थांबलात का गं, गा की.

६

मी घरी जाऊन तमाशा केला नाही. रूपीला शेजारी पाठवलं, सुरजसमोर बसले आणि विचारलं, खरं का. पुतळी चुलीपाशी होती, ती तिथूनच म्हणाली की मेलेल्या माणसाचं काय एवढं, ती काय संसार करायला येणार आहे का. सुरजची नखं त्या दिवशी पिवळी होती. तो ती खरवडत होता.

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?" तो म्हणाला.

"नसते आले," मी म्हटलं. "म्हणूनच सांगायला हवं होतं."

मला वाटतं, त्याने तिला जीव लावला होता. त्याचा मला राग नव्हता. राग याचा होता की मी हापशीवर, बाजारात, लग्नांत अकरा वर्षं ज्या ज्या बाईशी बोलले, ती माझ्याकडे बघताना दोघींना बघत होती आणि मला एकदाही समजू दिलं नाही. चौक लिहिताना मला पाणी घालायला लावायच्या तेव्हासुद्धा. आणि सगळ्यांत जास्त राग जिवलीचा. माझं बाळंतपण तिने केलं होतं. तिच्यापासून मी काय लपवलं होतं?

रूपीला घेऊन निघून जायचं, असा विचार दोन दिवस केला. पण कुठे? माझी आई तशीच गेली होती, विधीवाचून, आणि तिला हळद लागली ती डोळे मिटल्यावर. मी तेव्हा लहान होते, पण त्या हळदीचा रंग मला आठवतो. ती अंगावर बसत नव्हती. मी ठरवलं, लग्न होणार. माझ्या नावाने होणार आणि मी जिवंत असताना होणार. चंद्रिकेला तिचं मिळालं होतं, मला माझं हवं होतं. हे बोलताना मी कुणाला ऐकवत होते कोण जाणे, पण आतल्या खोलीकडे तोंड करून मी हे मोठ्याने बोलले.

मग खुणा काढून टाकल्या. 'हे शोध, ते बदल' असलं काही ठेवलं नाही. एकेचाळीस जागी माझ्या हाताने, एकेक अक्षर दाबून, संगिता लिहिलं. सॉफ्टवेअरने विचारलं, हे पुस्तक तुमच्या यादीत आधीच आहे, तरीही टाकायचं का? 'हो' म्हटलं. रीडरवर उघडलं. संगिता. पानं उलटून सगळ्या जागा पाहिल्या, दोनदा पाहिल्या. सगळीकडे मीच होते.

आता पुस्तकाने कसं मुकाट्याने ऐकलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी जिंकले असं मला वाटलं.

७

लग्नाच्या दिवशी सकाळी अकराला मांडवात भरपूर ऊन होतं, जांभळीच्या डहाळ्यांतून गाळून येणारं. चौक लिहून झाला होता. या खेपेला चारही बाजू नीट. माझ्या अंगाला हळद होती, ओली, आणि ती बसली होती. मी हात पुढे करून सारखी बघत होते. उजवीकडे सुरज, डावीकडे मला चिकटून रूपी, नवा फ्रॉक घालून. समोर भिकीबाय आणि तिच्या कानाशी जिवली, हातात रीडर. अख्खा पाडा बसला होता. मी जिवलीशी दहा दिवस बोलले नव्हते, पण रीडर तिच्या हातात मीच दिला. पान मीच लावून दिलं.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. भिकीबायचा आवाज असा लागला होता की पोरंसुद्धा गप्प होती. तिसऱ्याला जिवलीने ओळ दिली आणि म्हातारीने उचलली.

*सुरजची नवरी चंद्रिका आली.*

मला वाटलं, पुस्तकाने शेवटी दगा दिलाच. मी मान वाकडी करून रीडरकडे पाहिलं. मोठी अक्षरं ठेवली होती, उन्हात स्वच्छ दिसत होती. तिथे संगिता होतं. जिवलीचं बोट त्याच शब्दाखाली होतं.

"जिवली," मी हळू म्हटलं, "नीट वाच."

"नीटच वाचतेय," ती म्हणाली. तिचे डोळे पडद्यावरून हलले नव्हते. पुढची ओळ आली, बोट पुन्हा माझ्या नावाखाली गेलं आणि तिच्या तोंडून पुन्हा चंद्रिका निघालं, भिकीबायने ते गायलं, आणि मागच्या बायांनी सुरात सूर मिसळला.

मी मांडवभर बघितलं. कुणीतरी चमकेल, कुणीतरी पदर तोंडाला लावेल, कुणीतरी म्हणेल, अगं, हिचं नाव घ्या. माझ्या बाळंतपणाला आलेल्या बाया होत्या, माझ्याकडून पोरांचे दाखले टाइप करून नेलेले बाप होते. सगळे शांत बसले होते. पुतळी तांदूळ निवडल्यासारख्या अक्षता चाळत होती. सुरजने मान वर केली नाही. कुणाला काही चुकतंय असं वाटतच नव्हतं. एकेचाळीस जागा होत्या आणि एकेक करून त्या संपत होत्या.

भिकीबाय मध्येच थांबली. तिने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या उजव्या खांद्यावरून मागे. जिला सकाळी स्वतःची लेक ओळखू आली नव्हती, तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटली.

"सरक गं थोडी," ती मला म्हणाली. "कधीची उभी आहे ती."

ओल्या शेणाचा आणि गेरूचा वास आला. भिंत सारवून बारा दिवस झाले होते. उठून जाता आलं असतं. पण हळद अंगावर होती, आणि उठले असते तर ती पुन्हा मेल्यावरच लागली असती. मी डावीकडे सरकले. रूपीने काही न विचारता पाय पोटाशी घेतले.

माझ्या आणि सुरजच्या मध्ये हातभर चटई मोकळी झाली. ती पुरेशी नव्हती बहुतेक. सुरजने खाली बघत बघतच थोडं अंग चोरलं आणि तोही त्याच्या बाजूला सरकला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.